चौदा घरांचा फराळ



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दसरा होऊन गेलेला असेल आणि घराघरांत माळ्यावरचे डबे खाली उतरायला लागले असतील. केंद्रावरची गेली बैठक खरं तर पोटगीच्या अर्जांसाठी बोलावली होती. तीन अर्ज वाचायचे होते, एकीला वकिलांकडे कोण घेऊन जाणार ते ठरवायचं होतं. पण चहा येईपर्यंत आमच्यातल्याच एका मैत्रिणीनं सहज सांगावं तसं सांगितलं, की दिवाळीसाठी तिनं दहा हजारांचं कर्ज काढायचं ठरवलं आहे. गटाचं कर्ज. दर आठवड्याला हप्ता, आणि एकीचा हप्ता चुकला तर गटातल्या बाकीच्यांनी तो भरायचा.

"दहा हजार काय फराळाला लागतात होय?" कुणीतरी विचारलं.

"फराळाला नाही. लेकीचा पहिला दिवाळसण आहे."

त्यानंतर जरा वेळ कुणी बोललं नाही. केंद्रावर येणाऱ्या तक्रारी आम्ही वर्षानुवर्षं लिहून घेतो आहोत. सासरी छळ कधी सुरू झाला, असं विचारलं की मुली तारीख सांगत नाहीत, सण सांगतात. पहिल्या दिवाळीला अंगठी घातली नाही म्हणून. जावयाला दिलेलं कापड हलकं निघालं म्हणून. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे. लग्नात हुंडा घेतला नाही असं छातीठोक सांगणारी माणसं दिवाळसणाला काय काय आलं ते मात्र शेजारणीला मोजून दाखवतात. त्यामुळे आमची मैत्रीण घाबरली ती उगाच घाबरली नव्हती. तिला "कशाला करतेस एवढा खर्च" असं सांगणं सोपं होतं आणि ते सांगायला कुणाची जीभ रेटेना.

या प्रसंगाकडे शेवटी परत येऊच. पण त्याआधी गेल्या वर्षीच्या फराळाची हकिकत सांगायची आहे, कारण कर्जाची ही गोष्ट कानावर येताच सगळ्यांच्या मनात तीच आली.

सणांच्या बाबतीत आपली, म्हणजे चळवळीतल्या बायकांची, नेहमीच थोडी पंचाईत होत आली आहे. सुरुवातीच्या काळात आपण म्हणायचो की सण म्हणजे बाईला राबवण्याचा पंचांगातून घालून दिलेला कार्यक्रम. त्यात खोटं काहीच नव्हतं. पाडव्याला नवऱ्याला ओवाळा, बीजेला भावाला ओवाळा, आणि जिला नवराही नाही नि भाऊही नाही तिनं स्वयंपाकघरात बसा. हळदीकुंकवात विधवेला बोलावणं नाही. पण आपण सण सोडले म्हणून वस्तीनं सोडले नाहीत. झालं एवढंच, की सणाच्या दिवसांत आपण वस्तीत दिसेनाशा झालो आणि ती जागा कुणाकुणाच्या मंडळांनी, फलकांनी आणि फुकट वाटलेल्या उटण्याच्या पुड्यांनी भरून काढली. बळीराजाचं राज्य यावं असं सणाच्या दिवशी घरोघरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या; महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त त्या बळीला शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभं केलं. एवढा मोठा धागा हातात असताना आपण दिवाळी दुसऱ्यांच्या हवाली करून का बसलो, याचं उत्तर आमच्यापाशी नाही.

असो. गेल्या वर्षी गुढीपाडव्याला वस्तीतल्या पंधरा घरांनी भिशी सुरू केली. दर महिन्याला १०० रुपये, दिवाळीपर्यंत सात महिने. भिशी आपल्याकडे नवी नाही; ही मात्र फोडायची नाही, तिचा फराळच करायचा असं ठरलं. पंधरा घरांपैकी एक घर शेवटी का गळलं ते पुढे सांगते. चौदा घरांचे ९,८०० रुपये जमले.

हिशोबाची वही समोर आहे, तीच उतरवते. चकलीच्या भाजणीला तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची आणि मुगाची डाळ, धने-जिरे, तीळ, ओवा, तिखट आणि दळणावळ धरून १,२०० रुपये. चिवड्याचे पातळ पोहे, शेंगदाणे, डाळं, खोबरं वगैरे १,३३०. बेसनाच्या लाडवांना १,१००. तूप वनस्पतीच होतं, साजूक परवडणार नव्हतं आणि त्यावर उगाच बोलून घ्यायचं नाही असंही ठरलं होतं. शंकरपाळ्यांना ५००, शेवेला ७००. तेल १८ किलो, त्याचे २,९००. सगळ्यात मोठा आकडा तेलाचा, हे ज्यांनी घाणे काढले आहेत त्यांना सांगायला नको. सिलिंडर ९००. एकूण ८,६३०. त्यात निघाल्या १४ किलो चकल्या, १४ किलो चिवडा, दहा-दहा किलो लाडू आणि शंकरपाळे, आठ किलो शेव. मिळून ५६ किलो. घरामागे चार किलो फराळ, ६१६ रुपयांत. दुकानात तयार घ्यायला गेलं तर याच्या दुप्पट-तिप्पट पैसे मोजावे लागले असते. धान्य आणि तेल एकदम घेतल्यामुळे किती वाचलं ते वेगळं काढलेलं नाही, पण किराणावाल्यानं पहिल्यांदाच आम्हाला बसायला स्टूल दिलं.

करंज्या आणि अनारसे यादीतून आधीच काढून टाकले होते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाळवा, कुटा, गुळात मळून ठेवा, आणि एवढं करून तुपात सोडल्यावर तो हसला म्हणजे फसला. ज्या पदार्थाला बाईच्या पाच-सहा दिवसांची किंमत नाही तो सार्वजनिक करायचा नाही, असा एक ठराव आम्ही हसत हसत केला. एका आजींना तो पटला नाही. त्यांनी त्यांच्यापुरते अकरा अनारसे घरी केले आणि ते सगळ्यांना पुरावेत म्हणून प्रत्येकाचे चार तुकडे केले.

पैशांचा हिशोब सगळेच ठेवतात. आम्ही कष्टांचाही ठेवला. कोण किती वाजता आली, किती वाजता गेली, ते दाराशी अडकवलेल्या वहीत लिहायचं. चार दुपारी काम चाललं. बायकांचे १३१ तास भरले, पुरुषांचे नऊ. त्या नऊमध्ये तेलाचा डबा आणून देणाऱ्या गृहस्थांचा एक तास आहे. डबा आणल्याची गोष्ट ते अजून सांगतात. दोन कॉलेजातली मुलं मात्र खरोखर सोऱ्या दाबायला बसली. भाजणी घट्ट मळलेली असली की सोऱ्याचा दांडा दाबून दाबून तळहाताला घट्टे पडतात, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. एकानं विचारलं, "आई हे सगळं एकटीच करते?" त्याची आई समोरच चकल्या तळत होती. ती काही बोलली नाही, तिनं झाऱ्यातलं तेल निथळू दिलं आणि पुढचा घाणा सोडला.

१३१ तास म्हणजे एका घरामागे साधारण सव्वानऊ. एकटीनं घरी केलं असतं तर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून याच्या दुप्पट वेळ गेला असता असा सगळ्यांचा अंदाज पडला. पण इथे एक कबुली द्यायला हवी. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या आमच्या चार मैत्रिणींना दुपारी यायचं तर एखादं काम सोडावं लागत होतं, आणि दिवाळीच्या तोंडावर खाडा केला की बोनस बुडतो. त्यांचे तास वहीत कमी दिसले. मग कुजबूज सुरू झाली की काही जणी आयत्या पिठावर रेघोट्या ओढतात. एकत्र येऊन काम केलं की समता आपोआप येते असं आपण भाषणात म्हणतो. प्रत्यक्षात कोणाचा वेळ कुठे गहाण पडला आहे हे आधी विचारावं लागतं. शेवटी त्या चौघींनी रात्री साडेआठनंतर डबे भरण्याचं आणि भांडी घासण्याचं काम उचललं. भांडीच. दिवसभर दुसऱ्यांची घासून आल्यावर. ते आम्हाला तेव्हा कळायला हवं होतं आणि कळलं नाही. यंदा भांडी पुरुषांकडे दिली आहेत, तशी वहीत नोंद आहे, पुढचं पुढे.

आता गळलेल्या पंधराव्या घराबद्दल.

भिशी जमेपर्यंत सगळं सुरळीत होतं. घाणा लावायची वेळ आली तेव्हा हळूच एक सूचना पुढे आली, की सामान एकत्र आणू, वाटून घेऊ, पण तळण आपापल्या घरी करू. वरवर पाहता सूचना सोयीची होती. जागा कमी, धूर होतो, मुलं मध्ये येतात. दोन दिवस आम्ही सोयीबद्दलच बोलत राहिलो. तिसऱ्या दिवशी एकीनं ते उघड केलं: "कुणाच्या हातचं कुणाला चालत नाही ते सरळ सांगा ना." पंधरा घरांत चार घरं बौद्धांची होती आणि एक मुसलमान कुटुंब होतं. किराणा दुकानातून आलेल्या डाळीला जात नव्हती. तेलात पडल्यावर ती चिकटत होती.

या बैठकीत जे बोललं गेलं ते सगळं छापण्यासारखं नाही. एक बाई म्हणाल्या, मला काही नाही हो, पण लक्ष्मीपूजनाला नैवेद्य दाखवायचा असतो. त्यावर बौद्ध घरातल्या एका मैत्रिणीनं जे सांगितलं त्यानं चर्चेला वळण लागलं. ती म्हणाली, "आमच्याकडे लक्ष्मीपूजन नाही. आमचा सण दसऱ्यालाच होऊन जातो. मी भिशीत आले ती पोरांसाठी आणि तुमच्यासाठी. शेजारणी भाजणी भाजतात नि आपल्या घरात वास नाही, हे पोरांना नको वाटतं. पण म्हणून मला तुमच्या देवाच्या ताटात बसवू नका, आणि ताटाखालीही बसवू नका." १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्या अशोक विजयादशमीला ही मंडळी दरवर्षी वस्तीत पंचशीलाचा झेंडा लावतात. आम्ही इतकी वर्षं त्यांच्या शेजारी राहून त्या दिवशी त्यांच्याकडे गोडधोड काय करतात हे आमच्यापैकी सहा-सात जणींना ठाऊक नव्हतं.

ठरलं ते असं: पूजा ज्याची त्यानं घरी करावी किंवा करू नये, अंगणात फक्त फराळ. तळणाला कुणीही बसावं. कुणाची पाळी आहे का, कुणाचं कुंकू आहे का पुसलंय, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. हे ठरल्यावर एका घरानं आपले ७०० रुपये परत मागितले. आम्ही ते दिले. भांडण केलं नाही, मनधरणीही केली नाही. त्या घरची सून मात्र तिसऱ्या दिवशी दुपारी "सासूबाई झोपल्यात" म्हणत येऊन दीड तास लाडू वळून गेली. वहीत तिनं नाव लिहिलं नाही. तिचा दीड तास त्या १३१ मध्ये धरलेला नाही.

मुसलमान घरातल्या आमच्या मैत्रिणीचं शंकरपाळ्यांचं पीठ सगळ्यांत हलकं झालं, हेही इथे नोंदवून ठेवते. उरलेले १,१७० रुपये काय करायचे यावर बराच वाद झाला. आकाशकंदील, मुलांच्या किल्ल्यासाठी मावळे, फटाके (ही सूचना मुलांची, ती पडली) असं करता करता निम्मे पैसे किल्ला आणि पणत्यांवर गेले आणि निम्मे ठेवले. ते पुढे ईदेला शिरखुर्म्याच्या दुधाला गेले. ईदेच्या दिवशी दूध आटवायला कोण कोण गेलं याचे तास आम्ही मोजले नाहीत. मोजायला हवे होते. आपली वही दिवाळीलाच उघडते, ही आमची चूक.

या सगळ्यात फराळ स्वस्त झाला हा फायदा खरा, पण सर्वांत मोठा फायदा कुणाला झाला ते दिवाळीच्या दिवशी कळलं. केंद्रात येणाऱ्या कित्येक जणींसाठी दिवाळीची दुपार ही वर्षातली सगळ्यात लांब दुपार असते. सासर सुटलेलं असतं. माहेरी भावजय काही बोलत नाही, पण तिच्या न बोलण्यातून कळतं. दोन वर्षांपूर्वी मुलीला घेऊन घर सोडलेली आमची एक मैत्रीण सांगत होती, आदल्या दिवाळीत तिनं पाव किलो चकली दुकानातून आणली, घरच्या डब्यात घातली आणि डबा मुद्दाम खिडकीत ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं, की या घरातही सण आहे. गेल्या वर्षी तिची मुलगी अंगणातल्या परातीतून ओली चकली उचलून पळत होती आणि चार बायका तिच्या मागे ओरडत होत्या. आपल्या लेकीवर चार परक्या बायका ओरडल्या याचा तिला इतका आनंद झालेला मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

पाडव्याला आम्ही ओवाळणीचा कार्यक्रम ठेवला नाही, पण ज्यांना एकमेकींना ओवाळायचं होतं त्यांनी ओवाळलं. नवरा गेलेल्या दोघींनी आधी मागे मागे केलं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. पण परिपत्रक अंगणात येऊन कुणाच्या कपाळाला हात लावत नाही. आमच्या आजींनी, त्याच अनारशाच्या आजींनी, ताम्हण उचललं आणि विषय संपवला.

इथे कुणाला वाटेल, की हे सारं बायकांना काटकसर शिकवण्यासाठी लिहिलं आहे. तसं मुळीच नाही. काटकसर शिकवावी अशी बाई आम्हाला वस्तीत अजून भेटलेली नाही. महागाई वाढली की वर्तमानपत्रांत 'कमी तेलातला फराळ' छापून येतो. बाईनं तेल कमी वापरावं, साखर कमी वापरावं, आणि ज्यानं पगार कमी दिला त्याला कुणी काही विचारू नये. ते आम्हाला मान्य नाही. १९७२-७३ च्या दुष्काळाच्या काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांच्या पुढाकारानं हजारो बायका पक्ष विसरून लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या, त्या घरी तेल कसं वाचवावं ते सांगायला नव्हे, तर तेल, साखर, धान्य, रॉकेल कुठे दडवून ठेवलं आहे ते विचारायला. गिरणगावाची दिवाळी बोनसवर उभी असायची. १९८१ च्या दिवाळीत तो बोनसचाच प्रश्न चिघळला आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्या वर्षीची दिवाळी अडीच लाख कामगारांच्या घरी कशी झाली असेल, हे त्या घरांतल्या बायकांनाच विचारावं.

१९६५ च्या बोनस कायद्यानं किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाकाठी साधारण एका महिन्याच्या पगाराएवढा बोनस ठरवून दिला. घरकामगार बाई त्या कायद्यात कधीच बसली नाही. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी आपणहून संप केला, संघटना बांधली, तेव्हापासून बोनस, रजा, पगारवाढ या मागण्या घरोघर जाऊन भांडून मिळवाव्या लागल्या. २००८ साली महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, तरी दिवाळीचा बोनस अजूनही मालकिणीच्या मर्जीवरच आहे. मर्जी म्हणजे कधी पगार, कधी जुनी साडी, कधी दोन दिवसांपूर्वीची मिठाई. वाचक मैत्रिणींपैकी ज्यांच्या घरी कुणी कामाला येतं त्यांना सरळच विचारते: यंदा तिला महिन्याचा पगार बोनस म्हणून, हातात, दिवाळीच्या आधी आठ दिवस देणार ना? आठ दिवस आधी यासाठी, की आदल्या दिवशी मिळालेल्या पैशांत भाजणी होत नाही.

सरकारच्या ओवाळणीचंही तसंच. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारनं रेशनवर १०० रुपयांत रवा, साखर, हरभराडाळ एकेक किलो आणि एक लिटर पामतेल असा 'आनंदाचा शिधा' दिला. त्यानं फराळाला हातभार लागला, हे कबूल करायला हवं. पण आनंद सरकारनं द्यायचा आणि आपण पिशवी पसरायची ही भाषा काही पटत नाही. रेशनवर डाळ-तेल वर्षभर मिळालं तर आनंदाचं आम्ही बघून घेऊ. अंगणवाडीताईंना दिवाळीला जे पैसे मिळतात त्यांना सरकारी कागदावर 'भाऊबीज भेट' म्हणतात. वर्षभर पगाराला मानधन म्हणायचं आणि बोनसला भाऊबीज. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. न्यायालयाला त्या कामगार दिसल्या, खात्याला अजून बहिणीच दिसतात. भाऊबीज या शब्दाचा याहून चांगला उपयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेनं मुलींच्या शिक्षणासाठी भाऊबीज निधी गोळा केला, त्यात हात पसरणारी बहीण नव्हती, शिकणारी मुलगी होती.

आणि खरी भाऊबीज? महाराष्ट्रानं १९९४ साली कायदा दुरुस्त करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, २००५ साली तो देशभर झाला. तरीही बीजेच्या आसपास तलाठ्याकडे नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली आणि ताटात साडी घातली, असं सांगणाऱ्या बहिणी आमच्या केंद्रात येतात. साडीची किंमत आठशे. जमिनीची त्यांनी आम्हाला सांगितली नाही, त्यांना ठाऊकच नव्हती.

तर आता त्या दिवाळसणाकडे.

बैठकीत दोन बाजू पडल्या. एक बाजू म्हणे, आपण संघटनेच्या बायका, आपणच दिवाळसण केला तर लोकांना कोणत्या तोंडानं सांगणार? दुसरी बाजू म्हणे, तत्त्व तुमचं आणि बोलणी खायची तिच्या लेकीनं. दोन्ही बाजूंना मी आळीपाळीनं मान हलवत होते हे कबूल करते. आमच्या मैत्रिणीला हुंड्यावरचं भाषण नको होतं, ते ती स्वतः उत्तम करते. तिला हवं होतं ते असं काहीतरी, जे विहिणीला सांगता येईल. "आमची ऐपत नाही" हे सांगताना मान खाली जाते. "आमची तत्त्वं आहेत" हे विहिणीला समजत नाही. मग चुलीवर भाजणी भाजणाऱ्या हातांना जे सुचतं ते सुचलं. चौदा घरांनी मिळून नियमच करायचा: आमच्या अंगणात कुणाच्याही लेकीचा दिवाळसण असला तरी जावयाला जेवण सगळ्यांच्या पंगतीत, आणि दोघांना एकेक सुती जोड, बस्स. सोनं नाही, भांडी नाही, पाकीट नाही. "आमच्याकडे अशीच रीत आहे" असं मान वर करून सांगता यावं म्हणून रीतच नवी पाडायची. जुन्या रिती तरी दुसरं काय करून पडल्या असतील?

कपड्यांचे पैसे भिशीतून उसने द्यायचे, बिनव्याजी, पुढच्या आखाजीपर्यंत फेडायचे. यंदा भिशी दीडशेची केली आहे, त्यामुळे तेवढं निघतं. तिनं ऐकून घेतलं, नियमाच्या कागदावर पहिली सही तिनंच केली. आणि तरी चार हजारांचं कर्ज काढलंच. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाली, "तुमचा नियम नवा आहे, तिची सासू जुनी आहे. जवळ असू द्यावेत." दहाचे चार झाले याला यश म्हणायचं की नाही, यावर बैठकीत एकमत झालं नाही. त्या चार हजारांना हात लागला का, ते पुढच्या अंकात तिची परवानगी असेल तर कळवू. तिच्या लेकीला मात्र केंद्राचा फोन नंबर, बांगडीच्या डब्यात ठेवायला, आधीच लिहून दिला आहे.

यंदा अठरा घरं आहेत. गळलेलं पंधरावं घर परत आलं. पैसे सुनेनं आणून दिले, सासूबाई सोबत होत्या आणि "जागा स्वच्छ असते ना तुमची" एवढंच विचारून गेल्या. भाजणी येत्या रविवारी दळायला जाईल. सोऱ्ये दोनच आहेत, त्यातल्या एकाची चकलीची चकती हरवली आहे, कुणाकडे जास्तीची असेल तर केंद्रावर आणून द्या. तुमच्या वस्तीत, चाळीत, पाड्यावर असं काही करत असाल तर हिशोब लिहून पाठवा, पैशांचाही आणि तासांचाही. फसलेले बेत असतील तर आधी ते पाठवा. जावयाला पुढच्या वर्षी सोऱ्या दाबायला बसवावं अशी एक सूचना आली आहे. ती अजून मंजूर झालेली नाही, मतदान दिवाळीनंतर आहे.